तिकडची वीज

"ही पेटी परत घेऊन जा," नागेंद्र म्हणाला.

टेम्पोवाल्याला वाटले, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. चेन्नईच्या बंदरातून निघून, दोन ठिकाणी गाडी बिघडून, म्हैसूरच्या नजरबादेतली ही गल्ली शोधता शोधता तो मेटाकुटीला आला होता. त्याने खिशातला पत्त्याचा कागद पुन्हा एकदा वाचला आणि कानडीत विचारले, "सार, नागेंद्र राव तुम्हीच ना?"

"मीच. पत्ता पण हाच. पण पेटी नको."

आतून पुष्पावती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. नवऱ्याकडे तिने पाहिलेच नाही. टेम्पोवाल्याला म्हणाली, "तुम्ही उतरवा. आत वर्कशॉपात ठेवा. त्यांचं मनावर घेऊ नका." मग आवाज खाली करून, मराठीत, नवऱ्याला म्हणाली, "परत म्हणजे कुठं हो? घ्यायला तिथं कोण बसलंय आता?"

टेम्पोवरच्या दोघा माणसांनी पेटी धरून आत आणली आणि वर्कशॉपाच्या मधोमध ठेवली. नागेंद्र दारातून बाजूला झाला, पण आत गेला नाही. उजवा हात डाव्या काखेत घट्ट दाबून तो कट्ट्यावर बसून राहिला. टेम्पो गेला. गल्ली पुन्हा शांत झाली.

पेटीवर जाड काळ्या शाईने बाण काढला होता आणि बाणाखाली मराठीत लिहिले होते, 'ही बाजू वर'. शिकागोपासून म्हैसूरपर्यंत ते वाचू शकेल असा एक हमाल वाटेत भेटणार नाही, हे ती पाठवणाऱ्या नागेंद्रच्या मित्राला, प्राणेशला, माहीत होते. तरी प्रत्येक पेटीवर तो ते मराठीतच लिहायचा. विचारले तर हसायचा. म्हणायचा, "पेटीला तरी कळू दे ना, कुठं चाललीय ते."

प्राणेशला जाऊन महिना व्हायचा होता. पेटी त्याच्या आधी निघाली होती. माणूस गेल्याची बातमी फोनवरून एका क्षणात त्याच्या बहिणीकडे येऊन पोचली. त्याने स्वतः बांधलेली पेटी मात्र समुद्रावरून सावकाश येत राहिली.

नागेंद्रच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कापड रंगवायचे काम. आजोबा रंगारी, वडील रंगारी. वडिलांचे हात कोपरापर्यंत कायम निळसर असत, लग्नाच्या फोटोतसुद्धा. पुढे गिरणीच्या छापील कापडाने तो धंदा बसला आणि नागेंद्र रेडिओ दुरुस्तीला लागला. प्राणेश म्हैसूरच्याच जयलक्ष्मीपुरमचा. वडील विद्यापीठात शिकवणारे, घरात पुस्तके, सोवळेओवळे. दोघांच्या घरी मराठीच बोलत, पण एकाची मराठी ऐकून दुसऱ्याला हसू येई. 'यायलोय' म्हटले की प्राणेश खिदळायचा, 'येतो आहे' म्हटले की नागेंद्र म्हणायचा, "हां, आला बघा पुण्याचा पेशवा." दोघांपैकी कोणीही तोवर पुणे पाहिले नव्हते.

त्यांची गाठ पडली ती ऑर्केस्ट्रात. लग्नात, गणपतीत, दसऱ्याच्या प्रदर्शनात सिनेमाची गाणी म्हणणारा कानडी मंडळींचा ऑर्केस्ट्रा. प्राणेश गिटार वाजवायचा, नागेंद्र बास गिटार. स्टेजवर दोघांनाच मराठी येत असल्यामुळे मुख्य गायकाची यथेच्छ निंदा त्यांना त्याच्या तोंडावर करता यायची. तो बिचारा समजायचा, आपले कौतुकच चालले आहे. वळून मान झुकवायचा.

दुःख एकच होते. ऑर्केस्ट्राकडे बाससाठी वेगळा अॅम्प्लिफायर नव्हता. नागेंद्रची वायर गायकाच्याच कर्ण्यांच्या मशीनला जोडत आणि त्या कर्ण्यांतून त्याचे जाड, खोल सूर पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसे बाहेर पडत. लोकांना तो दिसायचा, ऐकू यायचा नाही. एका लग्नात कोणी म्हातारबुवांनी त्याला विचारलेसुद्धा, "तुम्ही नुसतेच धरून उभे राहता का?" ते नागेंद्रला फार लागले. प्राणेशने मांडीवर थाप मारून त्याला सांगितले, "मी बाहेर गेलो ना नागू, की पहिली वस्तू तुझ्यासाठी. खरा बासचा अॅम्प. तुझा आवाज शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे."

तो अमेरिकेला गेला खरा. शिकला, नोकरीला लागला, वरलक्ष्मीशी लग्न करून तिला घेऊन गेला. वर्षे गेली. नागेंद्र ते बोलणे विसरूनही गेला होता. आणि एके सुट्टीत प्राणेश विमानातून भला मोठा खोका घेऊन उतरला, तो घरी न जाता थेट नजरबादेत. नागेंद्र आंघोळीला गेला होता. याला कुठला दम? खोका फोडला, भिंतीत प्लग खुपसला, बटण दाबले.

नागेंद्र ओल्या अंगाने धावत आला तेव्हा वर्कशॉपात धूरच धूर होता आणि त्या धुरात प्राणेश उभा होता, देवाची मूर्ती हातून पडावी तसा चेहरा करून.

"बापाच्या रंगाच्या भट्टीतनं पण एवढा धूर आला नव्हता रे कधी," नागेंद्र म्हणाला.

"नागू... मी मारला त्याला?"

"अरे, तिकडं एकशेवीस व्होल्ट, इकडं दोनशेतीस. लहान पोराला एकदम दोन माणसांचं जेवण भरवलंस." मग त्याचा चेहरा बघून म्हणाला, "परवागिल्ला, काही हरकत नाही. मेला नाही. त्याचा ट्रान्स्फॉर्मर तेवढा जळालाय."

दोन दिवस दोघे त्या अॅम्पला घेऊन बसले. नागेंद्रने ट्रान्स्फॉर्मरचे पत्रे एकेक करून सोडवले, जळकी तार उकलली, तिच्या जागी दुप्पट वेढ्यांची बारीक तार गुंडाळली. प्राणेश शेजारी बसून वेढे मोजायचा आणि बोलता बोलता मोजणी चुकायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. अॅम्प सुरू झाला तेव्हा नागेंद्रने बासची सगळ्यात जाड तार छेडली आणि फळीवरचे डबे थरथरले. नवी नवरी असलेली पुष्पावती स्वयंपाकघरातून पोटावर हात ठेवून आली. म्हणाली, "अय्यो, हे कानात नाही, पोटात वाजतंय!"

प्राणेश तेव्हा रडला होता. नंतर कधी विचारले तर नाही म्हणायचा.

त्यातून पुढे धंदा उभा राहिला. प्राणेश तिकडे जुने बास अॅम्प हुडकायचा. कोणी घर बदलताना, कोणी कंटाळून विकायचे. चार-सहा जमले की बोटीने पाठवायचा. नागेंद्र त्यांची तिकडच्या विजेची सवय मोडून इकडची लावायचा. म्हैसूरचे ऑर्केस्ट्रे, कॉलेजची पोरे, मंड्याकडचे चर्च, पार केरळातले बँडवालेही त्याच्याकडून न्यायचे. दर रविवारी सकाळी फोन यायचा. प्राणेश तिकडे गॅरेजात एखादा अॅम्प चालू करून फोन त्याच्या तोंडाशी धरायचा.

"ऐकलास? इथली वीज वरच्या सुरात गुणगुणते बघ."

नागेंद्र मग आपला फोन बाकावरच्या अॅम्पला लावायचा. "ही ऐक आमची. म्हशीसारखी."

"आपलीच बरी रे. हिच्यावर झोप येते."

अशी किती वर्षे गेली. दोघांचे केस पिकले. प्राणेशचे येणे कमी होत गेले, पण पेट्या येत राहिल्या आणि रविवार चुकला नाही.

मग नागेंद्रचा उजवा हात थरथरू लागला.

आधी वाटले, दमलो असेन. मग बारीक तार गुंडाळताना तुटू लागली. एकदा तुटली, दहादा तुटली. तारांच्या जोडाला डाग देताना कथिल भलतीकडे पडू लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, थांबवता येईल असे काही नाही, हळू करता येईल. नागेंद्रने बास कपाटावर ठेवून दिला. गिऱ्हाइकांना तो गावाबाहेर हूटगळ्ळीच्या एका दुकानाकडे पाठवू लागला. "बाजार बसला," असे सांगायचा. प्राणेशलाही त्याने तेच सांगितले. "आता सगळं चीनचं यायलंय रे. दोन्ही विजेवर चालतं. मला कोण विचारतो?"

फोनवर हात दिसत नाही, हे बरे होते.

आणि एका रविवारी प्राणेश म्हणाला, "नागू, एकच पाठवतोय या वेळी. जुना आहे, वॉल्व्हचा. आपल्याएवढ्याच वयाचा. विकायचा नाही. तुझ्यासाठी आहे."

नागेंद्रचा हात तेव्हा मांडीवर नाचत होता. काय झाले कोण जाणे, त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"कोण सांगितलं तुला पाठवायला? तिकडचं भंगार गोळा करायचं आणि माझ्या घरात भरायचं, हेच काम झालंय तुझं. मला नको. मी वाजवत नाही, मी काही करत नाही. बास झालं आता!"

पलीकडे प्राणेश बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "आयतु. बिडु." झालं, सोड. आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. पुष्पावती म्हणाली, "तुम्हीच करा की हो एक." नागेंद्र म्हणाला, "तो करेल." त्याच्या पुढच्या रविवारी तो फोन हातात घेऊन बसला, नंबर लावला, वाजायच्या आत बंद केला. काय बोलायचे ते मनात जुळेना. हाताचे सांगावे तर लाज, न सांगता माफी मागावी तर कशाची? पुढच्या आठवड्यात बघू, असे म्हणून त्याने फोन खाली ठेवला.

त्या आठवड्यात एका सकाळी रिक्षातून प्राणेशची थोरली बहीण अंबुजा उतरली. निवृत्त शिक्षिका, कधी न सांगता यायची नाही. ती दारातच उभी राहिली.

"नागू, प्राणेश गेला रे."

फुप्फुसाचा रोग होता. वर्ष उलटून गेले होते. तिला ठाऊक होते. पण त्याने शपथ घातली होती, नागूला सांगायचे नाही. नागेंद्रने ऐकले, मान हलवली, तिला पाणी दिले. पाणी देताना अर्धे सांडले. तो फोनवरचा खोकला त्याच्या कानात बसला तो बसलाच. झोपेतून उठला तरी तोच ऐकू यायचा, आणि त्याच्या पाठोपाठ, आयतु, बिडु.

पेटी आल्याचे पुष्पावतीने अंबुजाला कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पेटी होती तशीच होती. नागेंद्र तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसला होता. निदान पेपर धरून बसला होता.

"उघडली नाहीस?"

"काय करू उघडून, अंबुजाक्का? मी नको म्हणून ओरडलो त्याच्यावर. शेवटचं बोलणं ते झालं माझं. आता त्याचं सामान कुठल्या तोंडानं घेऊ?"

अंबुजा स्टूल ओढून बसली. "नागू, त्याचं असं माझ्या घरी काही नाही. कपडे, चष्मा, सगळं तिकडे. अस्थीसुद्धा वरलक्ष्मीनं तिकडच्याच पाण्यात सोडल्या. त्याच्या हातची म्हणून इकडे आलेली एवढी एकच वस्तू आहे. तू उघडणार नसलास तर मी उघडते."

तिने खरेच बाकावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. तो उलटा धरला होता. नागेंद्रने उठून तो तिच्या हातातून घेतला.

फळ्या निघाल्या. आत जुन्या रजईत गुंडाळलेला अॅम्प होता. तपकिरी कापडाचा, कोपऱ्यावर झिजलेला, देखणा. नागेंद्रने त्याच्यावरून डाव्या हाताने धूळ पुसली. मग त्याला बाकावर आडवा करून पाठीमागचे स्क्रू काढायला घेतले. उजवा हात ऐकेना. स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसायचा आणि निसटायचा, बसायचा आणि निसटायचा. लाकडावर ओरखडा उठला. तो थांबला.

"स्वल्प उजेड कमी हाय," तो म्हणाला.

बाहेर लख्ख ऊन होते.  अंबुजाने उठून त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून स्क्रू फिरवला.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या हाताचं."

नागेंद्रने वर पाहिले. दारात पुष्पावती उभी होती. "मी सांगितलं," ती म्हणाली. "दिवाळीत. फोन आलता, तुम्ही आंघोळीला होता. मला राहवलं नाही. मी म्हणलं, प्राणेशण्णा, ते हल्ली तार गुंडाळू शकत नाहीत, कुणाला सांगत नाहीत, आणि रागानं आतल्या आत जळायलेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला म्हणाले, वहिनी, त्याला कळू देऊ नका मला कळलंय म्हणून."

 नागेंद्रने उरलेले स्क्रू काढले, अंबुजाने एकेक झेलून वाटीत टाकले. पाठीमागची फळी सुटली. त्याने आत बघितले आणि सवयीने ट्रान्स्फॉर्मरपाशी गेला.

काही अॅम्पच्या ट्रान्स्फॉर्मरला विजेच्या बाजूने दोन वेगवेगळ्या गुंडाळ्या असतात. दोन्ही शेजारी शेजारी जोडल्या की तिकडची वीज. एकीपुढे एक जोडली की इकडची. तार गुंडाळायला लागत नाही. दोन टोके सोडवून दुसरीकडे जोडली की झाले. असे अॅम्प फार मिळत नाहीत; हुडकावे लागतात. हा तसा होता.

आणि ती टोके आधीच जोडलेली होती.

नागेंद्रने चष्मा कपाळावर ढकलला आणि अगदी जवळ जाऊन पाहिले. जोड एकीपुढे एक, बरोबर. पण डाग! हरभऱ्याएवढा कथिलाचा गोळा, वर टोक निघालेले, बाजूची तार थोडी करपलेली, त्यावर काळी चिकटपट्टी दोनदा गुंडाळून तिसऱ्यांदा गुंडाळलेली. कुठल्याही दुकानात असा डाग देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नसता.

"हे कुणी केलं?"

"वरलक्ष्मी सांगत होती," अंबुजा म्हणाली. "तिला आधी वाटलं, ह्याला भ्रम झाला की काय. कोपऱ्यावर दुकान होतं, तिथं देऊ म्हणाली, तर ऐकेना. आधी तारेच्या तुकड्यांवर जोडून जोडून बघितलं. नाकाला ती प्राणवायूची नळी. डाग द्यायचा तर ती काढून लांब ठेवायची, की लगेच धाप. मग पुन्हा नळी लावून बसायचं, पुन्हा काढायची. बोटं भाजून घेतली. असं करत एवढे दोन जोड केले. आणि झाल्यावर तिला म्हणाला, 'नागूला आता काही करायला लागणार नाही. नुसता प्लग लावायचा.'"

 अंबुजाने पदराने नाक पुसले. "माझ्या लहान भावाला बल्ब बदलता येत नव्हता रे कधी. त्यासाठीसुद्धा बाबांना हाक मारायचा."

नागेंद्र त्या गोळ्याकडे बघत राहिला. नको म्हणून त्याने ओरडायच्या आधीच हे झालेले असणार. तो फोनवर भंगार म्हणाला, तेव्हा हा अॅम्प पलीकडे बाकावर तयार होऊन बसला असेल, आणि बोटे अजून भाजलेली असतील. आणि त्यावर प्राणेश एवढेच बोलला, की झाले, सोड.

त्याच्या तोंडून आवाज फुटला. रडणे असे त्याला धड येत नव्हते. वडील गेले तेव्हाही आले नव्हते. तो बाकाला धरून वाकला आणि खांदे हलत राहिले. पुष्पावती पुढे आली, पण अंबुजाने तिला खुणेने थांबवले.

बऱ्याच वेळाने तो सावरला. तोंड धुऊन आला. मग नेहमीच्या शिस्तीने बल्बची वायर काढली, अॅम्प आणि भिंतीतला प्लग यांच्या मध्ये बल्ब जोडला. आत काही चुकले असले तर बल्ब भगभगीत पेटतो आणि अॅम्प वाचतो. दुसऱ्याच्या कामावर तो न तपासता कधी विसंबला नव्हता, आणि प्राणेशच्या तर मुळीच नाही. त्याने बटण दाबले. बल्ब एकदा उजळला, आणि मंद होत होत तांबूस राहिला.

"बरोबर आहे?" अंबुजाने विचारले.

"बरोबर हाय."

मग त्याने बल्ब काढून थेट प्लग लावला. वॉल्व्हच्या काचेच्या नळ्यांत हळूहळू केशरी धग चढली. पुष्पावतीने न सांगता कपाटावरचा बास खाली काढला, पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने नाही म्हणून मान हलवली, पण बास सरकवला नाही.

"एकच," अंबुजा म्हणाली. "मी कधी ऐकलाच नाही नीट. तुमच्या त्या कर्ण्यांतून काही कळायचंच नाही."

नागेंद्रने जाड तारेवर बोट ठेवले. बोट थरथरत होते, त्यामुळे तार एकदा वाजायची ती दोनदा वाजली, एकीत एक मिसळून. आवाज खोल गेला, जमिनीतून चालत अंबुजाच्या स्टुलापर्यंत आला. तिने डोळे मिटले. सूर विरेपर्यंत कोणी हलले नाही. त्याने दुसऱ्यांदा छेडली नाही.

अंबुजा गेली. जाताना म्हणाली, "मी येत जाईन रविवारी." तो 'ये' म्हणाला.

दुपारी पुष्पावती जेवायला बोलवायला आली तेव्हा तो तसाच बाकाशी बसला होता. पाठीमागची फळी अजून लावली नव्हती, बास भिंतीला टेकवला होता, अॅम्प चालूच होता.

"तो डाग नीट करून घेणार का?" तिने विचारले. "मी धरते तार."

"नको. चांगला हाय."

"मग बंद तरी करा. सुम्मने, उगाच करंट जायलंय."

तो नळ्यांतल्या धगीकडे बघत होता. तीच बटणाकडे गेली, आणि वाकताना तिचा हात अॅम्पच्या माथ्यावर टेकला. कापड गरम होते. ताप उतरू लागलेल्या माणसाच्या कपाळासारखे, बेताचे गरम. तिने हात तिथेच राहू दिला. मग पायाने दुसरे स्टूल जवळ ओढले आणि त्याच्या शेजारी बसली.

आत ताटात वाढलेला भात निवत होता. दोघांपैकी कोणीही उठले नाही.